मागचा आरसा

ताईने स्कार्फचा शेवटचा वेढा ओढला, पण तो निघेना. कापड मानेला चिकटलं होतं. दाढीआधी गिऱ्हाइकाच्या गालावर ठेवायचा गरम टॉवेल बारक्याने पिळून आणला, तिच्या मानेवर दाबून धरला आणि कापड बोटबोटभर सोडवत नेलं. ताईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. कापड सुटलं तेव्हा दिसलं, मानेची डावी बाजू कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत सोलून निघाली होती.

भर दुपारची वेळ होती, सलूनमध्ये चिटपाखरू नव्हतं. तरी बारक्याने उठून शटर अर्धं खाली ओढलं. मग कोपऱ्यातली उशी आणून तिच्या पाठीशी लावली. मागे एकदा दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, मूळव्याधीमुळे खुर्चीत बसवत नव्हतं, तेव्हा त्यांच्यासाठी आणलेली ती उशी होती.

"कशाने केलं हे?"

"पेपरने."

"कसला पेपर?"

"त्यांच्या कामाचा."

बारक्याला समजायला थोडा वेळ लागला. दाजी मोटारींच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करायचे. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरायची, काचपेपरने घासायचं आणि वर रंगाचा फवारा मारायचा, की गाडी कुठे धडकली होती ते मालकालाही सापडू नये. हातात कसब होतं, नाही म्हणायचं कारण नाही. त्याच काचपेपरने त्यांनी बायकोची मान घासली होती.

"दोन महिने विचारत होते, मानेवर हे पांढरं पांढरं काय. मी म्हटलं, मला काय माहीत? माझी मान मला दिसते का?" ताई आरशाकडे न बघता बोलत होती. "आज म्हणाले, वर काहीतरी फासून लपवतेस. घासून खालचा खरा रंग बघतो. मग म्हणाले, कोडच आहे. माहेरून घेऊन आलीस. नऊ वर्षं फसवलंत मला."

"आणि?"

"आणि कोडाचं पोर माझ्या घरात नको म्हणाले." तिचा हात आपोआप पोटावर गेला. नऊ वर्षांनी दिवस राहिले होते. चौथा महिना होता. "लाथ घातली. मी वळले म्हणून कमरेवर बसली."

बारक्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने टेबलावरचा वस्तरा उचलला.

"मी बघतो त्याला."

"'त्याला' काय? 'त्यांना' म्हण. मोठे आहेत ते."

मानेवर कातडं नाही आणि बाईला नवऱ्याच्या मानाची पडलेली! बारक्याने कपाळावर हात मारला.

"आणि ठेव तो वस्तरा खाली," ताई म्हणाली. "कोंबडी कापताना बघून दोन दिवस जेवला नव्हतास तू. तुझ्याच्याने काही होणार नाही. लोकांच्या दाढ्या कर."

खोटं नव्हतं. लहानपणी काडीपैलवान होता म्हणून बारक्या हे नाव पडलं, आता वजन नव्वदीच्या पुढे गेलं तरी आत बसलेला होता तो काडीपैलवानच. त्याने वस्तरा ठेवला आणि तिच्या मानेची न सोललेली बाजू बघितली. बोटाच्या पेराएवढे फिकट गोल ठिपके, एकाला लागून एक, मागून उजव्या कानाखालपर्यंत गेलेले. मधली कातडी नेहमीपेक्षा काळपट.

"हे कोड नाही," तो म्हणाला. "शिबं आहेत, घामाने येतात ती. माना बघण्यात माझा जन्म गेलाय. उद्या दवाखान्यात जाऊ, मलम देतील, तेच घेऊन तुझ्या घरी जाऊ आणि त्यांच्या तोंडावर मारू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मात्र भलतंच झालं. त्वचारोगाच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या आणि बोलायला फटकळ. त्यांनी आधी सोललेल्या बाजूला मलमपट्टी केली आणि ती करताना ज्याने हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ताईची मान उजेडाकडे वळवून बराच वेळ बघितली, तळहात बघितले, तोंड उघडायला लावलं, तीन-चार महिन्यांपूर्वी अंगावर पुरळ आलं होतं का ते विचारलं. आलं होतं, आणि आपोआप गेलंही होतं. त्यांनी रक्त काढून घेतलं आणि तासाभराने दोघांना पुन्हा आत बोलावलं.

"हे कोड नाही."

"सुटले बाई!" ताई म्हणाली.

"इतक्यात सुटू नकोस. कोडात रंग साफ जातो, दुधासारखा पांढरा. तुझा रंग उतरलाय, गेलेला नाही. आणि बसलाय नेमका मानेभोवती, हार घातल्यासारखा. सिफिलिस अंगात पसरला की काही जणींना असं होतं. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची."

"गरमी मला पहिल्यापासूनच आहे," ताई सांगू लागली. "उन्हाळ्यात घोळणा फुटतो. थंड काही खायला..."

बारक्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"ती गरमी नव्हे गं. ही नवरा-बायकोला एकमेकांकडून लागते. कोणीतरी एक जण बाहेरून घरात आणतं."

ताई स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कुठे बाहेर गेलेच नाही."

"मी म्हटलं का तसं? नीट ऐक आता. पेनिसिलिनची सुई देते. दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. दुखते चांगली, दोन दिवस धड बसता येणार नाही, पण रोग जातो. आत्ता घेतलीस तर पोटातलं वाचतं. उशीर केलास तर पोटातच दगावेल, नाहीतर जन्माला येताना हेच घेऊन येईल. आणि नवऱ्यालाही आण. त्याचं रक्त तपासून त्याला सुई दिली नाही, तर तो तुला पुन्हा देईल."

"डाग जातील?"

"रोग जातो. डाग रेंगाळतात, वर्षभरसुद्धा. डागांना काय घाबरतेस?" मग त्या बारक्याकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना? हिच्या नवऱ्याच्या मानेवर असे काही डाग बघितलेत कधी?"

आठ महिन्यांपूर्वी दाजींचे केस कापताना बारक्याने मागची बट वर उचलली होती, तेव्हा खाली असेच ठिपके दिसले होते. त्याला वाटलं, रंगाखाली मारायच्या प्रायमरचे शिंतोडे. पेंटरच्या मानेवर दुसरं काय असणार? त्याने कापसावर थिनर घेऊन पुसून बघितलं, गेले नाहीत. मग वाटलं, शिबं. त्याने वरून पावडरचा पफ फिरवला, मागचे केस लांब ठेवले आणि शेवटी मागचा आरसा असा तिरका धरला की दाजींना फक्त त्यांचे दाट केस दिसावेत. बापाने धंदा शिकवताना पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. गिऱ्हाईक आपल्याकडे चांगलं दिसायला येतं, त्याचं व्यंग त्याला मागच्या आरशात दाखवायचं नाही. टक्कल पडत असेल तर आरसा खाली धर, मस असेल तर तिरका धर. खुर्चीत जे दिसलं ते केसांबरोबर झाडून टाकायचं. आठ महिने, दर महिन्याला एकदा, बारक्या तेच करत आला होता.

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरीणबाईंना कळलं नसावं.

"ते आले तर मी सुई घेईन," ताई एकदम म्हणाली. "एकटी नाही घेणार."

"का गं बये?"

"एकटीने घेतली तर मीच काहीतरी केलं असं ठरेल. आज नाही तर उद्या हे पोर विचारेल मला."

डॉक्टरीणबाई चिडल्या, ओरडल्या, मग तिच्या डोक्यावर हात ठेवून समजावूनही झालं. ताई ढिम्म हलली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "शनिवारी बारापर्यंत मी इथे आहे. नवऱ्याला घेऊन ये, नाहीतर एकटी ये. पण ये. त्यानंतर एकेक दिवस महागात पडेल."

परतताना बारक्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगितलं असतं तर ताईचा पहिला प्रश्न आला असता, मग आठ महिने गप्प का बसलास? त्यापेक्षा दाजींना हातापाया पडून दवाखान्यात आणणं सोपं, असं त्याने स्वतःला समजावलं. गाढवपणा होता, दुसरं काय!

गुरुवारी तो गॅरेजात गेला. दाजी एका पांढऱ्या गाडीचा मागचा दरवाजा ठोकत होते. हातोडी पत्र्यावर पडत होती, मागे लोखंडी ठोकळा धरलेला होता. बाजूला दोन कामगार चाक काढत बसले होते.

"दाजी, जरा बाहेर येता?"

"इथेच बोल. सगळे घरचेच आहेत."

"डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय. काही नाही, फक्त रक्त तपासायचंय."

हातोडी थांबली. "कोड तुझ्या बहिणीला आणि रक्त माझं? हे चांगलं आहे!"

"कोड नाहीये ते."

"मग काय आहे?"

बारक्याने कामगारांकडे बघितलं. तो पुढे सरकला, उघड्या दरवाजाच्या चौकटीवर डावा हात टेकला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "गरमी."

गरमी म्हणजे काय, असं दाजींनी विचारलं नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दरवाजा धाडकन लोटला.

दरवाजा पूर्ण लागला नाही, कारण मध्ये बारक्याची बोटं होती. आधी आवाज आला, ओल्या काटकीसारखा, आणि कळ मागाहून आली. तो किंचाळला. दाजींनी दरवाजा उघडायचं सोडून त्यावर गुडघा रेटला, मोकळ्या हाताने त्याचे केस धरले आणि तोंड गाडीच्या टपावर आपटलं. एकदा, दोनदा. ओठ फुटला, पांढऱ्या रंगावर लाल ओघळ गेला.

"ठोकल्याशिवाय पत्रा सरळ होत नाही, मेहुणे," ते त्याच्या कानात म्हणाले. मग मान वर करून सगळ्या गॅरेजाला ऐकू जाईल असं ओरडले, "ऐका रे! बायको बाहेर शेण खाऊन आली आणि भाऊ माझं रक्त मागायला आलाय!"

एक कामगार हसला. दुसरा उठून आला आणि त्याने दाजींना बाजूला करून दरवाजा उघडला. बारक्या खाली बसला. समोर दाजींची पाठ होती, मानेवर रुळणारे केस होते, त्यानेच लांब ठेवलेले. एका झटक्यात ते वर ओढून साऱ्या गॅरेजाला मान दाखवता आली असती. त्याने हात छातीशी धरला आणि तो निघून आला.

सलूनमागच्या खोलीत, बारक्याकडे राहायला आलेल्या ताईने एक जुनी फणी मोडली, तिचे दोन तुकडे मधल्या बोटाला आणि शेजारच्या बोटाला लावले आणि पट्टीने करकचून बांधलं. बांधता बांधता ती रडली. स्वतःच्या मानेसाठी तिने टिपूस गाळलं नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?"

"तू एकटी चल ना सुई घ्यायला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"लोकांचं नाही रे," ती म्हणाली. "ते आता सगळीकडे तेच सांगतायत, मी शेण खाल्लं म्हणून. मी गुपचूप जाऊन सुई घेतली की खरंच झालं ते."

"आणि पोराचं काय?"

ताईने पट्टीची गाठ आवळली.

शनिवारी सकाळी साडेदहाला दाजी स्वतःच सलूनमध्ये आले. बाकावर शेजारचा शिंपी आणि बँकेचा वॉचमन नंबर लावून बसले होते. दाजी त्यांच्याकडे न बघता सरळ खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"काय मेहुणे, बोटं कशी आहेत?"

शिंप्याने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं.

"बहिणीला बाहेर बोलाव, सही घ्यायचीय तिची. लग्नाच्या आधीपासून कोड होतं आणि तुम्ही ते लपवलंत, एवढंच लिहिलंय. वकिलाकडे द्यायचंय आज." त्यांनी आरशात दाढीवरून हात फिरवला. "आणि तोवर दाढी कर. मागचे केसही बारीक कर. वकिलासमोर माणूस सभ्य दिसला पाहिजे."

ताई आतल्या खोलीचा पडदा सारून बाहेर आली. मानेला स्कार्फ होता. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मी सही केली तर दवाखान्यात याल?"

"येईन की."

"आजच? बाराच्या आत?"

"म्हटलं ना येईन."

"ताई, सही करू नकोस," बारक्या म्हणाला.

"तू तुझं काम कर," ताई म्हणाली, आणि पेन शोधायला आत गेली. ती सही करणार होती. पोरासाठी तिने कशावरही सही केली असती, आणि हे दाजींना चांगलं ठाऊक होतं.

बारक्याने दाजींच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मशीन सुरू केलं, मागची बट उचलली आणि खालून वर फिरवलं. केस पडत गेले. आठ महिने झाकलेली मान उघडी झाली. ठिपके तसेच होते, अगदी मोजून घ्यावेत असे, एका कानामागून दुसऱ्या कानामागे. त्याचा हात सवयीने पावडरच्या डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. डबा न उघडता त्याने दाढीचा ब्रश उचलला.

फेस लावून झाला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं. कातडी ताणून धरायला डावा हात लागतो, आणि मोडलेल्या बोटांनी ताणायचं म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. उजवा गाल झाला. दाजींनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. गळ्यावरची शीर फेसाखाली उडत होती. शिंपी बघत होता, वॉचमन बघत होता. दाजींना भीती म्हणून नव्हती. मेहुण्याला ते ओळखून होते.

"पेन सापडत नाही का गं?" ते मिटल्या डोळ्यांनी ओरडले. "का पोराच्या बापाला शोधायला गेलीस?"

वॉचमन उठून उभा राहिला. वस्तरा गळ्यावर थांबला होता. बारक्याला मनापासून, अगदी मनापासून वाटत होतं की हा हात एकदाच आडवा ओढावा. किती लागणार होतं? पात्याखाली रक्ताचा एक थेंब उगवला आणि फेसात पसरला.

"अरे! हळू!" दाजींनी कापडाखालून कोपर मारलं. ते बारक्याच्या पोटात बसलं, तो दोन पावलं मागे गेला. वस्तरा अजून हातातच होता. ताई पेन घेऊन पडद्याशी येऊन उभी होती.

बारक्याने वस्तरा मिटला आणि टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला मागचा आरसा काढला आणि तो दाजींच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मागचं बघा, दाजी."

"आधी दाढी तर पुरी कर."

"बघून घ्या. वकिलासमोर जायचंय."

त्याने आरसा सरळ धरला. तिरका नाही, खाली नाही. उजव्या हाताने मानेवरचे केस झटकले आणि बाजूला झाला. समोरच्या मोठ्या आरशात दाजींची मान आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी ती धड बघितली.

शिंपी पुढे आला. "हे काय, तुम्हालाही कोड?"

"प्रायमर आहे तो," दाजी म्हणाले. "उडतो अंगावर."

बारक्याने कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दोन ठिपक्यांवरून जोरात फिरवला. कापूस कोरा निघाला. तो त्याने दाजींच्या डोळ्यांसमोर धरला.

"निघत नाही, दाजी. काचपेपर आणू?"

दाजींनी हात मागे नेऊन मानेवर बोट ठेवलं, आरशात बघत एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेलं. मग त्यांची नजर पडद्याशी उभ्या असलेल्या ताईच्या स्कार्फवर गेली आणि परत आरशात आली. चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. एका गालावर फेस, दुसरा साफ, आणि ते कोणाशी म्हणून नाही, आरशातल्या माणसाशी पुटपुटल्यासारखं बोलले,

"पण मी तर सुई घेतली होती."

बारक्याने कोपऱ्यातल्या उशीकडे बघितलं. मूळव्याध नव्हतीच ती.

ताई पुढे आली. तिने पेन टेबलावर कागदाशेजारी ठेवलं. सगळ्या पुरुषांसमोर तिने गळ्याचा स्कार्फ सोडला. एका बाजूला मलमपट्टी होती, दुसऱ्या बाजूला फिकट ठिपके. आरशात दोन माना शेजारी शेजारी दिसत होत्या.

"कधी घेतलीस?" तिने विचारलं.

"अगं, ऐक तर..." त्याने खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. वॉचमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली बसला.

"तुला विचारतेय मी. कधी घेतलीस?"

त्याने आरशातली नजर खाली वळवली. मग तिने स्कार्फची नीट घडी घातली आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुला लागेल आता."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चल, बारक्या," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई बाराला निघतील."